परोपकारार्थ अभ्यंगस्नान

पहिला आवाज झाला तेव्हा खटावकर म्हणाले, "ॲटम बॉम्ब."

"ॲटम बॉम्बनं आकाशकंदील विझत नाहीत," मी म्हणालो.

भिंतीपलीकडच्या चैतन्यनगर सोसायटीतले सगळे आकाशकंदील एकदम विझले होते. खिडक्या विझल्या, जिन्यातले दिवे विझले, गच्चीवरून सोडलेल्या दिव्यांच्या माळा विझल्या. नरकचतुर्दशीची पहाट होती आणि भोसरीत ऐन दिवाळीत पडते तशी बोचरी थंडी होती. सोसायटीतल्या प्रत्येक घराने गजर एकाच वेळेचा लावला होता. उठल्याबरोबर प्रत्येकाने गीझर चालू केला होता. कोपऱ्यावरच्या ट्रान्स्फॉर्मरने हा सामुदायिक धार्मिक उत्साह थोडा वेळ सहन केला आणि मग प्राण सोडला.

"आपले दिवे आहेत ना?" खटावकरांनी विचारलं. आमचे दिवे लख्ख होते आणि त्यांच्याच उजेडात ते माझ्याकडे बघून हे विचारत होते.

"आहेत."

"मशीन चालू आहे ना?"

"चालू आहे. ऐका."

"ऐकू येत नाही म्हणून तर विचारतोय!"

ही त्यांची नेहमीची तक्रार होती. गॅसवर चालणारे जनरेटर बसवणाऱ्या एका कंपनीत मी तेव्हा नोकरीला होतो, आणि खटावकरांचं यंत्र मीच बसवलं होतं. रस्त्याखालच्या पाइपातून गॅस येतो, इंजिन चालतं, वीज तयार होते. धूर नाही, डिझेलची पिंपं नाहीत, धडधड नाही. पण खटावकरांची उभी हयात डिझेलच्या धडधडीत गेलेली. शांत यंत्र म्हणजे त्यांना आजारी यंत्र वाटायचं. दिवसातून चारदा ते त्याच्या पत्र्याला हात लावून बघायचे, ताप बघावा तसे.

तरीही ते घेतलं त्यांनीच हट्टानं. त्यांचा धंदा खव्याचा आणि बासुंदीचा. भावांबरोबर होते तेव्हा एका दिवाळीत सगळ्या बासुंदीला डिझेलचा वास लागला. भाऊ म्हणाले, कळत नाही कोणाला. हे म्हणाले, मला कळतं. त्यावरून वाद, वादावरून वाटणी. वेगळे झाल्यावर एमआयडीसीच्या अगदी कडेला, सोसायटीच्या भिंतीला भिंत लावून त्यांनी स्वतःचा कारखाना काढला. वीजमंडळाने मोठं कनेक्शन अजून दिलं नव्हतं. ऑफिस आणि फाटकापुरता एक छोटा मीटर तेवढा होता. इतरांकडे जनरेटर बदली खेळाडू असतो, खटावकरांकडे तोच कप्तान होता. दूध आटवण्यापासून कोल्डरूमपर्यंत सगळं त्याच्यावर.

आणि त्या पहाटे कोल्डरूम काठोकाठ भरलेली होती. पहिल्या स्वतंत्र दिवाळीची सगळी बासुंदी आदल्या संध्याकाळी आत गेली होती आणि अजून मधून कोमट होती. यंत्र दुपारपर्यंत चाललं तर ती गार होऊन लक्ष्मीपूजनाला घरोघरी पोचणार होती. मध्येच बंद पडलं तर ती आंबणार होती, आणि वाईला बसलेले दोन भाऊ "आम्ही म्हणत नव्हतो?" एवढंच म्हणून पुढचा लाडू घेणार होते. त्या तीन शब्दांच्या धास्तीनं खटावकर स्वतः झोपले नव्हते आणि मलाही त्यांनी ठेवून घेतलं होतं.

मी सवयीनं यंत्राजवळ जाऊन काटा बघितला. इंजिनाच्या उष्णतेचा काटा. तो रोजच्या जागेवरून उठून फिरायला निघाला होता.

"पंखा!" मी म्हणालो आणि फाटकाकडे पळालो.

आता हा पंखा फाटकाजवळ का होता, ते सांगायला हवं. इंजिनाची जास्तीची उष्णता बाहेर फेकायला एक मोठा रेडिएटर असतो आणि त्याला एक पंखा. तो मी यंत्राशेजारी बसवला होता. पण ती दिशा निघाली ईशान्य. खटावकरांचे मेहुणे प्रभाकर यांचा वास्तुशास्त्राचा व्यासंग दांडगा. ईशान्येला गरम वारा म्हणजे लक्ष्मीला घाम, असं त्यांचं म्हणणं. मी आठवडाभर नागपूरला गेलो असताना त्यांनी रेडिएटर पंख्यासकट आग्नेयेला, म्हणजे फाटकाशी नेऊन उभा केला, आणि तिथे जवळात जवळ सापडली ती वायर त्याला जोडून टाकली. ती वायर वीजमंडळाच्या मीटरची होती.

थोडक्यात, वीज गेली तरी चालावा म्हणून घेतलेल्या जनरेटरचा पंखा वीज असेल तेव्हाच चालत होता. आणि ट्रान्स्फॉर्मरने जाता जाता त्याची मोटरही सोबत नेली होती. जळक्या तारेचा वास फाटकापर्यंत येत होता.

प्रभाकरराव शेजारीच उभे होते. "पण आग्नेय म्हणजे अग्नीची दिशा," ते म्हणाले. "जळणं शास्त्राला धरून आहे."

"मोटर आणा!" खटावकर ओरडले. "कुठूनही आणा! आकुर्डीचा तो मोटर भरणारा आहे ना, त्याला उठवा!"

"तो आंघोळीला बसला असेल दाजी. आज नरकचतुर्दशी आहे."

"मग त्याला पाठीला साबण लावा, पण मोटर आणा!"

प्रभाकरराव टेम्पो घेऊन गेले. आम्ही दोघे काट्यासमोर उभे राहिलो. काट्याच्या वाटेवर एक लाल रेघ होती. तिथे टेकला की यंत्र स्वतःच्या जिवासाठी आपोआप बंद होतं. त्याला बासुंदीशी काही देणंघेणं नसतं.

"दुसरा काही उपाय?" खटावकरांनी विचारलं. त्यांचा आवाज बासुंदीपेक्षा पातळ झाला होता.

उपाय होता. इंजिनाची ऊब फुकट जाऊ नये म्हणून आम्ही एक सोय केलेली होती. पातळ पत्र्यांच्या एका बाजूनं इंजिनाचं पाणी, दुसऱ्या बाजूनं नळाचं स्वच्छ पाणी. दोघांची गाठ पडत नाही, फक्त ऊब इकडून तिकडे पोचते. असं तापलेलं पाणी एका टाकीत साठायचं आणि त्यानं दुधाचे कॅन धुतले जायचे. त्या टाकीतून गरम पाणी काढत राहिलं आणि मागून गार भरत राहिलं, तर पंख्यावाचूनही इंजिन निभावून नेतं.

"मग काढा गरम, भरा गार!"

"गार कुठून भरू?"

"मोठ्या टाकीतून."

"मोठी टाकी काल धुतली तुम्ही. दिवाळीची साफसफाई."

खटावकरांना आठवलं. टाकी स्वतः आत उतरून, नारळाच्या शेंडीने घासून, त्यांनी इतकी कोरडी केली होती की वर रांगोळी काढता आली असती. खरं तर काढलीही होती. महापालिकेचं पाणी यायचं होतं दुसऱ्या दिवशी.

काटा एक पाऊल पुढे सरकला. आणि तेवढ्यात भिंतीवर एक डोकं उगवलं.

"अहो खटावकर, तुमच्याकडे लाइट कशी हो?"

डोकं बोधनकर काकूंचं होतं. कपाळावर कुंकू, गालांवर उटणं आणि केसांतून तेल निथळतंय. त्या भिंतीपलीकडे स्टुलावर उभ्या असाव्यात. मी पाण्याच्या पाइपावर पाय देऊन पलीकडे डोकावलो आणि पाहतच राहिलो. सोसायटीच्या अंगणात, विझलेल्या आकाशकंदिलांखाली, पंचे नेसलेली माणसं मोबाइलच्या उजेडात कुडकुडत उभी होती. सगळी तेलानं चमकत होती. अभ्यंगाचा पहिला भाग रीतसर पार पडला होता आणि दुसऱ्याला गरम पाणी नव्हतं.

"सगळ्यांना तेल लावून झालं आणि वीज गेली," काकू म्हणाल्या. "सिलिंडर म्हणाल तर फराळातच संपलेत. ज्यांच्याकडे आहे ते सांगत नाहीयेत. उजाडायच्या आत आंघोळ नाही झाली तर आज सरळ नरक, ते ठाऊक आहे ना? अख्खी सोसायटी जाईल. कमिटीतल्या मेंबरांसकट."

"तुमच्याकडे पाणी आहे?" मी विचारलं. बहुधा ओरडलो.

"गार? वरच्या टाक्या तुडुंब आहेत. करायचंय काय त्या गार पाण्याचं?"

मी खटावकरांकडे बघितलं. खटावकरांनी माझ्याकडे बघितलं. एकाच भिंतीच्या अलीकडे ऊब होती आणि पाणी नव्हतं, पलीकडे पाणी होतं आणि ऊब नव्हती. मी काकूंना समजेल असं चार वाक्यांत सांगितलं. त्यांना तीनच लागली.

"म्हणजे आम्ही आंघोळी केल्या की तुमचं मशीन थंड होणार."

"बरोबर."

"आणि नुसतं गटारात सोडलं तर?"

"तरी होईल. पण..."

"पण नाही आणि बिण नाही. दिवाळीच्या पहाटे गरम पाणी गटारात? मी जिवंत असताना नाही." त्या स्टुलावरच मागे वळल्या. "अहो! ऐकलंत का?"

त्यांचे 'अहो' म्हणजे सोसायटीचे अध्यक्ष बोधनकर, निवृत्त नायब तहसीलदार. खटावकरांचं यंत्र आल्यापासून हे गृहस्थ त्याला 'गॅसबॉम्ब' म्हणत आणि त्याच्याविरुद्ध दर पंधरा दिवसांनी कुठे ना कुठे अर्ज देत. सोसायटीच्या भिंतीवर त्यांनी पाटी रंगवून घेतली होती : 'सावधान. पलीकडे गॅस आहे. — अध्यक्ष.' शिवाय स्फोट झाल्यास उपयोगी पडावा म्हणून अग्निशामक दलाचा असतो तसा लांबलचक जाड पाइप आणून तो वरच्या टाक्यांना जोडून ठेवला होता.

अंधारातून त्यांचा आवाज आला. "हे होणार नाही. त्या पाण्याला गॅसचा वास येईल."

"तीस वर्षं तुम्ही गॅसवर तापवलेल्या पाण्यानं आंघोळ करताय," काकू म्हणाल्या. "आला का वास?"

"तो सिलिंडरचा गॅस. तो आपला असतो."

अंगणातून आणखी एक आवाज आला, जोशांचा की कोणाचा तरी. "आणि आम्हाला फुकट काही नको. उद्या म्हणायला नको, आमच्याकडे येऊन न्हाले!"

यावर पुष्कळ तेलकट माना डोलल्या. थंडीनं दात वाजत होते, पण तत्त्व म्हणजे तत्त्व. माणसं फटाफट घराकडे वळायला लागली. आणि तेव्हा काकूंनी जे वाक्य टाकलं, त्यासाठी त्यांना मी आजही मनातल्या मनात नमस्कार करतो.

"फुकट कुठलं? उपकार आपण करतोय. त्यांची बासुंदी नासायला लागलीये. शेजाऱ्याच्या घरी आग लागली तर तुम्ही बादली घेऊन धावाल की नाही? तीच बादली. फक्त डोक्यावर ओतायची."

माना डोलायच्या थांबल्या.

"असं असेल तर प्रश्न वेगळा," जोशी म्हणाले.

"माणुसकीचा आहे," दुसरं कोणी म्हणालं आणि पंचा घट्ट केला.

पुढची गोष्ट इतक्या झपाट्यानं झाली की मला नीट क्रम आठवत नाही. गॅसबॉम्बसाठी आणलेला पाइप भिंतीवरून ओढून थेट गॅसबॉम्बच्या टाकीत सोडला गेला. बोधनकर "तो आणीबाणीसाठी आहे!" असं ओरडत होते आणि सोसायटीचे दोन तरुण "हीच आणीबाणी काका," म्हणत ओढत होते. कॅन धुवायची खोली बायकांना दिली. पुरुषांसाठी टेम्पो धुवायचा फरशीचा चौथरा. गरम पाण्याच्या नळाखाली पहिली बादली लागली, तिच्यातून वाफ निघाली, आणि पलीकडून फाटकातून आत येणाऱ्या सगळ्या जमावानं असा एक सुस्कारा टाकला की मंडळाचा ट्रान्स्फॉर्मर ऐकता तर परत उभा राहिला असता.

मी काट्याशी उभा. खटावकर नळाशी.

"काटा?" खटावकर ओरडायचे.

"चढतोय! जोरात आंघोळी होऊ द्या!"

"चला, पुढचे दोघं! लाजू नका! पाठ कोणी चोळतंय का यांची?"

जोशांच्या डोक्यावर पहिली बादली पडली तेव्हा त्यांनी डोळे मिटून विचारलं, "उतरला का हो काटा?"

"किंचित."

"मग अजून एक घेतो. आपल्याला काय, मदत करायची तर पुरी करायची."

माणसं लोकांच्या भल्यासाठी तहानभूक विसरतात हे मी ऐकलेलं होतं, पण लोकांच्या भल्यासाठी कोणी कानामागे इतकं चोळून घेताना प्रथमच पाहत होतो. एक बाई खोलीतून डोकं काढून विचारत होत्या, "केस धुतले तर जास्त मदत होईल का?" मी म्हणालो, नक्की होईल. चौथऱ्याभोवती फुलबाज्या पेटल्या. कोणीतरी घरून कारीट आणलं, पायाच्या अंगठ्यानं फोडलं, "गोविंदा, गोविंदा!" झालं. बहिणी भावांना आणि बायका नवऱ्यांना तिथेच, दुधाच्या उपड्या कॅनवर बसवून ओवाळत होत्या. उटण्याच्या वासापुढे खव्याचा वास हरला. ओल्या अंगांनी माणसं चकल्या खात होती, आणि वर्षभर जिन्यात एकमेकांकडे न बघणारी दोन बिऱ्हाडं एका बादलीत दोन तांबे घालून मोकळी झाली होती.

काटा उतरला. लाल रेघेपासून चांगला लांब, आपल्या जागेवर येऊन बसला.

पण सोसायटी ती सोसायटी, शहर नव्हे. हळूहळू रांग सरली. न्हालेली माणसं नवे कपडे घालायला घरी पळाली. काटा पुन्हा उठला.

"माणसं संपली!" मी म्हणालो.

"असं कसं? अजून कोणीतरी घाणेरडं असेलच!" खटावकर रस्त्यावर धावले. रात्रपाळी सुटलेल्या कामगारांची बस नाक्यावर थांबली होती. ड्रायव्हरला त्यांनी काय सांगितलं कोण जाणे, पण ती अख्खी बस आमच्या फाटकात शिरली आणि तिच्यातून ग्रीसनं माखलेले हात घेऊन, भोवतालच्या फुलबाज्यांकडे चकित होऊन बघत, माणसं उतरली. कोणी लातूरकडचे, कोणी ओडिशाचे. घरापासून लांब, खोलीवर आठजण आणि एक नळ. काकूंनी तेलाची वाटी घेऊन एकेकाच्या डोक्यावर बोटं टेकवली. "वाक खाली. अजून वाक. आईनं लावलं असतं ना? मग!" एक जण मान वर करेना, म्हणून काकूंनी त्याला दोनदा तेल लावलं.

काटा परत उतरू लागला, पण सावकाश. बस संपली की पुढे काय, हा प्रश्न होता. प्रभाकररावांचा पत्ता नव्हता. पूर्वेला अगदी बारीक फटफटायला लागलं होतं. खटावकर मधूनच कुठे गायब व्हायचे, मधूनच येऊन "होऊ द्या, होऊ द्या" म्हणायचे. शेवटी न राहवून मीच मोटरची वाट बघायला फाटकाबाहेर गेलो.

टेम्पो बाहेरच उभा होता. कुंपणाच्या आडोशाला, दिवे मालवून. आत प्रभाकरराव बसून चिवडा खात होते. शेजारच्या सीटवर मोटर होती आणि तिला त्यांनी पट्टा लावलेला होता.

"तुम्ही केव्हा आलात?"

"झाला की बराच वेळ. ती बस यायच्या आधीच आलो."

"आणि इथे बसलात?"

"दाजी म्हणाले, आत यायचं नाही. मोटरचा 'म' काढायचा नाही. चिवडा खा म्हणाले." त्यांनी पुडी पुढे केली. "घ्या. शेंगदाणे वेचून काढलेत मी, पण बाकी चांगला आहे."

मी तरातरा आत गेलो आणि खटावकरांना दंडाला धरून बाजूला घेतलं.

"खटावकर, मोटर बाहेर आहे! काटा दोनदा लाल रेघेला टेकता टेकता राहिला! कोल्डरूम गेली असती!"

"हळू बोला हो," ते म्हणाले. त्यांनी चोरून एकदा काट्याकडे बघितलं. म्हणजे भीती होती, अगदी पुरेपूर होती. "मला ठाऊक आहे."

"अहो, पंखा लावला तरी पाणी गरम येणारच! थोडं कमी, पण येणारच. कोणाची आंघोळ थांबणार नव्हती."

"पाण्याची नाही हो काळजी मला. माणसांची आहे. पंखा चालू झाला की यांना कळणार, गरज संपली. गरज संपली म्हटल्यावर यातला एक जण थांबणार नाही. फुकट नको त्यांना. ऐकलंत ना?" त्यांनी चौथऱ्याकडे बघितलं. ओडिशाचा एक जण जोशांच्या नातवाला फुलबाजी कशी फिरवायची ते दाखवत होता. "पळसुलेसाहेब, भावांपासून वेगळा झालो त्याला वर्ष होत आलं. वर्षभरात या फाटकातून आत काय आलं? दूध आलं आणि बोधनकरांचे अर्ज आले. आज पहिल्यांदा माणसं आलीत. एवढी रांग होऊ द्या. मग लावू पंखा. बासुंदी गेली तर..." त्यांनी कोल्डरूमच्या दाराकडे बघितलं. "गेली तर भाऊ म्हणतील ते ऐकून घेईन."

इंजिनिअरला शिकवतात त्यात हे नसतं.

आणि तेवढ्यात रांग संपलीच. शेवटचा कामगार अंग पुसत बाजूला झाला, आणि रिकाम्या चौथऱ्यासमोर एक आकृती उभी राहिली. खांद्यावर पंचा, हातात स्वतःची पितळी बादली, अंगावर पहाटेपासून सुकत चाललेलं उटणं. सूर्य उगवायला फारतर एक स्तोत्र बाकी होतं.

बोधनकर.

मागे काकू उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे फक्त बघितलं.

"अहो इंजिनिअर," बोधनकर घसा साफ करून म्हणाले. "ते तुमचं... काटा. काटा काय म्हणतो?"

मी काट्याकडे बघितलं. पन्नास कामगारांच्या आंघोळीनंतर तो असा निवांत पडला होता की त्याला उशी द्यावी.

"गंभीर आहे," मी म्हणालो.

"म्हणजे धोका आहे अजून?"

"अत्यंत. खरं सांगायचं तर आता एखाद-दुसऱ्या आंघोळीवर आलंय सगळं."

खटावकरांनी माझ्याकडे बघितलं. मग त्यांनी बोधनकरांकडे बघून हात जोडले. "तुम्हाला विनंती करायचं धाडस होत नाही अध्यक्षसाहेब. तुमचा विरोध माहीत आहे."

"विरोध आहेच. लेखी आहे." बोधनकरांनी पंचा खटावकरांच्याच हातात दिला. "पण आपत्तीच्या वेळी विरोध बाजूला ठेवायचा असतो. चाळीसगावला पूर आला तेव्हा मी स्वतः होडीत बसलो होतो. किती बादल्या लागतील?"

"ते तुमच्यावर आहे," मी म्हणालो. "जितकं सावकाश, तितकं सुरक्षित."

पहिला तांबा त्यांनी कर्तव्य म्हणून घेतला. चेहरा पंचनाम्याला उभं राहावं तसा. दुसऱ्याला भुवया खाली आल्या. तिसऱ्याला खांदे. चौथ्यानंतर त्यांनी वाफेत तोंड घातलं, एक खोल श्वास घेतला आणि त्यांच्या गळ्यातून आधी गुणगुण, मग सूर, आणि मग मोठ्या, खणखणीत, आश्चर्यकारक सुरेल आवाजात गंगास्तोत्र बाहेर पडलं. नवे कपडे घालून माणसं भिंतीवरून, गॅलऱ्यांतून बघायला लागली. खटावकर पाणी घालत होते. काकू पाठ चोळत होत्या आणि डोळे पुसत होत्या. उटणं गेलं म्हणाल्या. मधून मधून बोधनकर स्तोत्र थांबवून विचारायचे, "कसं आहे आता?" आणि मी म्हणायचो, "झुंज चालू आहे."

स्तोत्र संपलं आणि समोरच्या इमारतीच्या टाकीमागून सूर्य वर आला. मी प्रभाकररावांना खूण केली. बोधनकर कॅनवर बसून ओवाळून घेत होते तेवढ्यात आम्ही मोटर बसवली. या वेळी वायर यंत्राच्याच विजेला जोडली. ईशान्य असो की नैर्ऋत्य.

पंखा फिरला. कोल्डरूमच्या दारावरचा आकडा जिथे हवा होता तिथे होता. खटावकरांनी एक पातेलं काढून आणलं आणि चमचा आधी स्वतःच्या तोंडात घातला. डोळे मिटले. बराच वेळ मिटलेलेच ठेवले. मग उघडले आणि पहिली वाटी बोधनकरांच्या हातात दिली.

बोधनकरांनी चव घेतली. लाल झालेल्या कानांनी, वाफाळत्या अंगानं त्यांनी दुसरा चमचा घेतला.

"वाचली म्हणायची," ते म्हणाले.

"तुमच्यामुळे," खटावकर म्हणाले.

"आमचं काय, शेजारधर्म आहे." त्यांनी वाटी रिकामी करून पुढे केली. ती पुन्हा भरली गेली. बादली उचलून ते फाटकापर्यंत गेले, थांबले, आणि आमच्याकडे न बघता, पंख्याला उद्देशून बोलल्यासारखे म्हणाले, "परवा पाडवा. पाडव्यालाही पहाटे स्नान असतं. या मशिनांचा काही नेम नाही. पुन्हा काही अडचण आली, तर संकोच करू नका."

पाडव्याच्या पहाटे अडचण आली. त्यासाठी मला सगळ्यांच्या आधी, अंधारातच स्वतः येऊन पंख्याचा फ्यूज काढून ठेवावा लागला.